शिडाच्या सावलीतली बॅटरी

तुमच्या घरातला दिवा कुणाच्या मर्जीवर लागतो, हे तुम्ही कधी स्वतःला विचारलं आहे का?

शहरात, गारखेड्यात, आमच्या इमारतीची वीज गेली की लोक गॅलरीत येतात, शिव्या घालतात, कुणीतरी वायरमनला फोन लावतं. मीही त्या गॅलरीत उभी राहून शिव्या घातल्या आहेत. दिवा लागायलाच हवा, हे आम्हाला कुणी शिकवलेलं नाही. ते आम्ही गृहीत धरतो. माझ्या मामाच्या होडीच्या डोलकाठीवर तळहाताएवढा एक एलईडी दिवा होता. तो पेटता ठेवायचा म्हणून माणसांना किती लाथा खाव्या लागल्या, ते मी इथे लिहिते आहे.

मामा आणि मामी पैठणच्या धरणाच्या फुगवट्यावर, म्हणजे भिंतीमागे साठलेल्या पाण्यावर, मासे धरतात. आजोबांचा बौद्धवाडा त्याच पाण्याखाली गेला. वर सरकून नवीन गावात घर मिळालं होतं, ते पुढे भावकीत वाटलं गेलं, आणि मामा काठाला झोपडी घालून राहिला. जमीन पाटबंधारे खात्याची, म्हणून त्या झोपडीला मीटर मिळत नाही. धरणाच्या भिंतीपाशी याच पाण्यावर वीज तयार होते. रात्री तिकडचे दिवे झोपडीतून दिसतात. मामी म्हणते, "आपलंच गाव जाळून त्यांनी दिवे लावलेत बघ." गाव बुडालं होतं, जळलं नव्हतं. पण मामीला दुरुस्त करायच्या फंदात आमच्या घरात कुणी पडत नाही.

होडी पत्र्याची, लहान. इंजिन नाही. जाताना वल्हं मारायचं आणि येताना शीड लावायचं, कारण दुपारनंतर वारा पश्चिमेकडून येतो आणि मामाची झोपडी पूर्वेच्या काठाला आहे. अशा होडीला दिवा कशाला लागतो, असं मी पूर्वी विचारलं असतं. त्याचं उत्तर मला सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात मिळालं.

मासेमारीचा ठेका ज्याच्याकडे आहे त्याच्या माणसांच्या इंजिनाच्या बोटी त्या पाण्यात मोकाट सुटलेल्या असतात. एका संध्याकाळी, आभाळ अजून लाल असताना, त्यातली एक बोट सरळ मामाच्या होडीवर चढली. मामाचा डावा हात होडीच्या काठावर होता. बोटीचं लोखंड आणि होडीचा पत्रा यांच्यामध्ये तो हात सापडला. मामीने पदर फाडून हाताला गुंडाळला आणि मामाला जीपमधून शहरात आणलं. मी पोचले तेव्हा पदराचा रंग ओळखू येत नव्हता. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट डॉक्टरांनी काढून टाकलं. दुसऱ्या दिवशी ठेकेदाराचा माणूस केळी घेऊन आला. खाटेशी उभा राहून म्हणाला, "दिवा नव्हता ना तुमच्या होडीवर. आमच्या पोराला दिसलं नाय."

मामी म्हणाली, "सूर्य होता की वर. तेवढा दिवा कमी पडला व्हय तुमच्या पोराला?"

तो म्हणाला, "वहिनी, पुढच्या खेपेला दिवा ठेवा. नाय तर आमची जबाबदारी नाय."

आणि तो गेला. म्हणजे आता नियम ठरला होता. दिवा नसेल तर मेलात तरी चूक तुमचीच. संध्याकाळचं जाळं हेच मामाचं खरं उत्पन्न. मासा उन्हं कलल्यावर वर येतो. दिव्याशिवाय त्या वेळी पाण्यावर थांबायचं म्हणजे पुन्हा कुणाच्या तरी लोखंडाखाली जायचं. बॅटरी भरलेली असेल तर मामा मासेमार, नसेल तर दुसऱ्याच्या शेतावरचा गडी. एवढं सरळ होतं ते.

मामाने रिक्षातून काढलेली जुनी बॅटरी आणली. बारा व्होल्टची, वर झाकणं असलेली, पाणी घालावं लागणारी. ती गावातल्या पिठाच्या गिरणीत चार्जिंगला लागायची. गिरणीवाला तसा बरा माणूस. मोटारीच्या मागे, कोंड्याच्या पोत्याशेजारी जागा द्यायचा. मामी दळण घेऊन जायची तेव्हा बॅटरीही डोक्यावर न्यायची. दिवसभर ती तिथं बसायची आणि दुसऱ्या दिवशी मामा भरलेली घेऊन जायचा. पावसाळ्यापर्यंत नीट चाललं.

मग एका सकाळी मामा गेला तर बॅटरी रस्त्यावर आडवी पडलेली. झाकणं उघडी, आतलं आम्ल मातीत सांडलेलं, मातीला फेस आलेला. मी त्या दिवशी गावात होते. मामासोबत गेले होते. मामाने ती उचलली आणि दारात उभा राहिला.

"दादा, हे काय केलं?"

गिरणीवाला पिठाच्या धुरळ्यात उभा. वर बघितलंच नाही. "पिठाजवळ नको आता. लोक बोलतात."

"काय बोलतात?" मी विचारलं.

"बाई, तुमी शहरातल्या. तुमाला सांगायला पायजे का?"

"सांगा की. मला ऐकायचंय तुमच्या तोंडून."

त्याने मोटार चालू केली. आवाजात माझं काही ऐकू येऊ नये म्हणून. मी पट्टा ओढून ती मोटार बंद करायला पुढे झाले तर मामाने उरलेल्या तीन बोटांनी माझं मनगट धरलं. ती पकड अजून आठवते. लोखंडासारखी होती.

"चल," तो म्हणाला.

"मामा, आम्ल ओतलंय त्यांनी. ही बॅटरी कुणाच्या पायावर सांडली असती तर?"

"चल म्हणलं ना. पीठ तर आपल्याला इथंच दळायचंय उद्या."

घरी आल्यावर मामी म्हणाली, "दळायचं नाय. मी जात्यावर दळीन." आणि खरंच, त्या दिवसापासून ती गिरणीची पायरी चढली नाही. मनगटं सुजली तिची. शेजारणी हसल्या. तिने कुणाला उत्तर दिलं नाही, आणि मामीने उत्तर न देणं ही आमच्या घरातली मोठी घटना आहे.

मी पत्रकांच्या घरात वाढले. वडील चळवळीची पत्रकं लिहायचे, आई आणि मी त्यांच्या घड्या घालायचो. मला अक्षरओळख झाली ती "जाहीर सभा" आणि "निषेध" या शब्दांवरून. गिरणीचं ऐकून वडिलांनी लगेच चष्मा लावला आणि पॅड ओढलं. मामी फोनवर होती. म्हणाली, "दाजी, लिवा लिवा. पत्रकानं बॅटरी भरती का, ते पण लिवा त्यात." वडील हसले. पत्रक लिहिलंच त्यांनी. मी मात्र त्या आठवड्यात शहरातल्या भंगारवाल्याकडून रस्त्यावरच्या दिव्याचं जुनं सौर पॅनल आणलं. एका कोपऱ्याला तडा होता, पण मीटर लावून पाहिलं तर वीज येत होती. सोबत कंट्रोलर म्हणून एक डबी मिळते. बॅटरी भरली की ती वीज आत सोडणं थांबवते. हे सगळं पैठणच्या बसमध्ये मांडीवर घेऊन गेले. कंडक्टर म्हणाला, "काय, छप्पर घेऊन चालला का घराचं?"

मामाने त्याच बॅटरीत नवं आम्ल भरून घेतलं. पॅनल होडीच्या पुढच्या भागात, डोलकाठीच्या पुढ्यात बसवलं. मागे मामा वल्हं धरून बसतो, मध्ये जाळी असतात, दुसरी जागाच नव्हती. आणि आम्हाला वाटलं, झालं. ऊन फुकट आहे, मराठवाड्यात त्याला तोटा नाही, आता कुणाच्या दारात जायला नको.

ऊन फुकट असतं, पण त्याला धरायला दिवसभर मरावं लागतं. त्या फुगवट्यावर पक्षी लई. पाणकावळे पॅनलवर येऊन पंख पसरून वाळत बसायचे आणि उठताना पांढरा सडा टाकून जायचे. मामीने ओल्या फडक्याने पुसायचा नेम धरला. पुसायची आणि पाणकावळ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. बॅटरीत पाणी कमी झालं तर मामाने आधी धरणाचं पाणी उकळून, गाळून घातलं. आतल्या पट्ट्या पांढऱ्या पडल्या. मग मी आमच्या इमारतीतल्या एसीच्या नळीखाली बाटल्या लावायला लागले. त्या पाण्यात क्षार नसतात. ते बाटल्यांत भरून गावी न्यायचे. मामी म्हणायची, "बघा, गारखेड्याच्या थंड हवेचं पाणी पिती ही. आमच्यापेक्षा तिची मजा." मोबाईलही त्याच बॅटरीवर. त्यावरून नवरा-बायकोची रोज जुंपायची.

"दिवा जगवायचा का तुझ्या मालिका?"

"तुमी बोट गमवून बसले म्हणून मी मालिका सोडू का?"

"बोट नाय, बोटं."

"व्हय, मोजत बसा."

इतकं करूनही दिवा संध्याकाळी अर्ध्यातच मंद व्हायचा. मामा जाळं टाकून थांबलेला आणि दिवा विझायला आलेला, आणि लांबून इंजिनाचा आवाज. मामी सांगायची, अशा वेळी मामा होडीत उभा राहून पत्र्याचा डबा वल्ह्याने बडवायचा. आवाज ऐकून तरी वळतील म्हणून. दोनदा तर बोट इतक्या जवळून गेली की होडीत पाणी भरलं, आणि त्यांच्या हसण्याचा आवाज त्या पाण्यासोबत आत आला.

कारण शोधायला मी दिवसभर होडीत बसले. सकाळी शीड गुंडाळलेलं, मामा वल्हं मारत पश्चिमेला चाललेला, मीटरवर आकडा चांगला. दुपारी परत फिरलो, शीड वर चढलं आणि आकडा दाणकन खाली. सूर्य आमच्या पाठीशी होता, शिडाची गडद सावली बरोबर पॅनलवर पडत होती. मी नुसता तळहात पॅनलच्या कोपऱ्यावर धरून पाहिला, तेवढ्यानेही निम्म्याहून वीज जात होती. येतानाचा सगळा लांब रस्ता, दिवसातलं सगळ्यात कडक ऊन, आणि बॅटरी उपाशी.

आता हे शीड कशाचं होतं ते सांगते. आधीचं ताडपत्रीचं शीड टकरीत फाटलं होतं. मामीने पाचोडच्या बाजारातून, जुन्या ताडपत्र्या विकणाऱ्याकडून एक मोठा फ्लेक्स उचलला. आमच्याकडे वाढदिवसांचे फ्लेक्स उतरले की गोठ्यावर जातात, कणसं झाकायला जातात, लग्नात पंगतीखाली जातात. कुणी वळून बघत नाही. हा फ्लेक्स भागातल्या एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा होता. वर मोठा हसरा चेहरा, खाली जोडलेले हात, त्याखाली शुभेच्छुकांच्या छोट्या फोटोंची रांग. शीड वर चढलं की तो चेहरा वाऱ्याने फुगायचा. काठावरचे लोक ओरडायचे, "साहेब निघाले रे!" मामी होडीतून म्हणायची, "साहेब पयल्यांदा कुणाच्या तरी कामाला आले." त्याच पुढाऱ्याच्या मागे फिरणारी पोरं हे ऐकून हसायची. एकाने तर फोटो काढून मोबाईलवरच्या आपल्या गटात टाकला होता, साहेबांचं तारू म्हणून.

तर उपाय सोपा होता. शीड खालून थोडं कापायचं. खालची बाजू वर गेली की मागून येणारं ऊन शिडाखालून शिरून पॅनलवर पडेल. मामाने डोलकाठीला शीड बांधलेलं ठेवून, भर दुपारी, सावली बघत कोळशाने रेघ ओढली. मी मीटर धरून बसले होते. "अजून वर. अजून. बास." मामीने कोयत्याने त्या रेघेवर फ्लेक्स टरकावला. खालचा तुकडा गळून पडला आणि मीटरवरचा आकडा उडी मारून वर गेला. आम्ही तिघं ओरडलो. मामाने तीन बोटांची मूठ वर केली. आमच्या तिघांचे डोळे सावलीवर होते. शिडावर काय उरलं, ते आमच्यातल्या एकानेही पाहिलं नाही.

रेघ पुढाऱ्याच्या गळ्यावरून गेली होती.

वर नुसतं मुंडकं उरलं. आणि खालचा तुकडा, जोडलेल्या हातांचा, मामीने टाकला नाही, कारण चांगला प्लास्टिकचा तुकडा कोण टाकतं? तिने तो काठावर अंथरला आणि त्यावर मासे निवडायला बसली.

त्यानंतरचे दिवस सुखाचे होते. दिवा लख्ख जळायचा. मामा संध्याकाळभर पाण्यावर थांबायचा, इंजिनाच्या बोटी लांबून वळून जायच्या. मामी फोनवर सांगायची, "दिवा असा लागतो ना माय, माशे लाजत्यात."

मग तो रविवार आला. थंडीचे दिवस, पक्षी बघायला आणि तळलेला मासा खायला शहरातून माणसं आली होती. गाड्या काठापर्यंत आलेल्या. मी पण होते. मामाची होडी काठाला येत होती, शीड फुगलेलं. कुणीतरी शिडाचा फोटो काढला. तो फिरत फिरत त्या पोरांपर्यंत पोचला. होडी काठाला लागून आम्ही मासे उतरवतोय तोवर मोटारसायकली धुरळा उडवत आल्या.

पुढच्या पोराला मी ओळखत होते. "साहेबांचं तारू" म्हणून हसणारा तोच.

"कुणी कापला साहेबांचा गळा?"

मामाला खरंच कळलं नाही. "कुणाचा गळा?"

त्याने मामाची मान धरून वर, शिडाकडे वळवली. "हा! हा काय?"

मामाने पाहिलं. मीही त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. हसरा चेहरा, खाली आभाळ.

"दादा, सावली पडत व्हती," मामा म्हणाला. "बॅटरीवर. म्हणून खालून..."

"साहेबांच्या सावलीत जगता आणि सावली टोचती व्हय रे तुमाला?"

"अरे, पॅनलवर सावली..."

पहिला फटका तिथंच बसला, तोंडावर. मामा मासे निवडायच्या तुकड्यावर पडला. दुसऱ्या पोराने खाली बघितलं आणि किंचाळला, "अरे, साहेबांच्या हातावर मासे चिरत्यात हे!" मग कुणी थांबलं नाही. वल्हं त्यांनी मामाच्याच होडीतून काढलं. पाठीवर वल्ह्याचा आवाज कसा येतो हे मला माहीत नव्हतं. ओल्या पोत्यावर काठी मारावी तसा येतो. मी एकाची कॉलर धरली, त्याने कोपराने माझा ओठ फोडला. तोंडात रक्त आलं, ते मी त्याच्या शर्टावर थुंकले. मामी दुसरं वल्हं घेऊन आली आणि तिने जो फटका मारला, तो एकाच्या कोपरावर बसला. हाड वाजलं. हे मी लपवणार नाही. जमिनीवर पडलेल्या नवऱ्याला चौघं तुडवत असताना बायकोने काय करावं, हे ज्याला माहीत असेल त्याने मला सांगावं.

मग त्यांनी होडीकडे मोर्चा वळवला. पॅनलवर काठावरचा धोंडा घातला. एकदा, पुन्हा, पुन्हा. काच उडून पाण्यात पडत होती. शीड उतरवलं आणि घडी घालून, अगदी जपून, मोटारसायकलवर ठेवलं. हे मला सगळ्यात जास्त झोंबलं. छापलेल्या तोंडाला इतकी माया. बॅटरी एकाने दोन्ही हातांनी डोक्यावर उचलली आणि आपटली. ती फुटली. आतलं आम्ल मामीच्या पायावर गेलं. ती अनवाणी होती. तिने ओरडायच्या आधी मला वासच आला. मी तिला ओढत पाण्यात नेलं. गुडघाभर पाण्यात उभं करून तिचे पाय चोळत होते आणि ती माझ्या खांद्यात दात रोवून उभी होती.

तिथून, पाण्यातून, मी काठाकडे पाहिलं. शहरातली माणसं अर्धगोल करून उभी होती. हात वर. प्रत्येक हातात मोबाईल. एक बाई म्हणत होती, "अहो, सोडा की त्यांना, मरतील ते." म्हणत होती आणि चित्रीकरण चालूच ठेवलं होतं. एका माणसाने आपल्या मुलीचे डोळे एका हाताने झाकले होते. दुसऱ्या हाताने तो मोबाईल धरून होता.

पोलीस ठाण्यात आम्हाला आधी बाकावर बसवलं. आमच्या आधी ती पोरं आली होती, कोपराला पट्टा बांधून, मामीविरुद्ध तक्रार द्यायला. आणि पुढाऱ्याच्या अपमानाची वेगळी. ठाण्याचे फौजदार चहा पीत होते.

"मारलं, मारलं म्हणता. साक्षीदार?"

"काठावर शंभर लोक होते. शूटिंग केलंय सगळ्यांनी."

"मग आणा ना त्यांना. नावं सांगा."

"आम्ही त्यांना ओळखत नाही. शहरातले होते. पण तुम्ही आधी गुन्हा नोंदवा. ते तुमच्यावर बंधनकारक आहे."

"शिकलेली दिसतेस," ते म्हणाले. "मग शहाण्यासारखं वाग. यांना काय पायजे, साहेबांच्या नवीन फ्लेक्सला हार घालायचा, चुकलो म्हणायचं, मोबाईलच्या शूटिंगसमोर बोलायचं. विषय संपला. होडी पण चालू राहील. नाय तर ठेकेदार काय म्हणंल, तुला माहितीये."

ठेकेदार त्याच पुढाऱ्याच्या जवळचा. मासे धरायचा परवाना त्याच्या शब्दावर. मामा बाकावरून उठला. एक डोळा सुजून बंद झालेला. तो म्हणाला, "साहेब, मी माफी मागितली तर ही पोरं उद्या माझ्या दिव्याला काय करतील?"

"काय करतील?"

"तेच इचारतोय. शिडाची सावली पडत व्हती म्हणून मी कापलं. त्याची माफी मागितली, तर उद्या दिवा लावल्याची पण मागावी लागंल. हार घालायला मी हात उचलणार नाय."

आमच्या तक्रारीचा कागद लिहिला गेला तो असा: किरकोळ वाद, दोन्ही बाजूंनी मारहाण. ज्याची बोटं लोखंडाखाली गेली, ज्याच्या बायकोच्या पायाची सालटी निघाली, तो आणि ज्याच्या छापील चेहऱ्याला कोयता लागला तो, दोघं सारखे. ॲट्रॉसिटीचं कलम लावा म्हटलं तर उत्तर एकच. पुरावा आणा.

पुरावा आहे. तो माझ्या शहरात आहे.

वडिलांनी पत्रक लिहिलं. मी ते गारखेड्यात, चौकात, दुकानांत वाटलं. एका मेडिकलच्या दुकानात उभ्या असलेल्या माणसाने वाचता वाचता मान वर केली. "अरे, हे ते होडीवालं का? मी पाहिलाय याचा व्हिडिओ. आमच्या साडूने काढलाय. लई मारलंय राव त्या म्हाताऱ्याला."

मी त्याच्यासमोर आडवी उभी राहिले. "द्या ना मला तो. फक्त तेवढाच."

त्याने पत्रकाची घडी घातली आणि काउंटरवर ठेवली. "नको ताई. त्या लोकांच्या नादी कोण लागणार? साडूने पुसून पण टाकला असंल आता."

मी त्याला काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. दुकानदाराने मला बाहेर काढलं.

मामी आता चालते. पायाची कातडी गुलाबी, ताणलेली आहे, चप्पल सोसत नाही. मामा होडी पाण्यात घालतो, पण सूर्य खाली यायच्या आत परत फिरतो. उन्हं कलल्यावर मासा वर येतो तेव्हा तो झोपडीच्या दारात बसलेला असतो आणि ठेकेदाराच्या बोटी त्याच्या जागेवर जाळी टाकत असतात. परवा मला म्हणाला, "नवी बॅटरी आणू नको. आणली तर ती पण फोडतील. आधी यांना कुणीतरी इचारायला पायजे, का फोडली म्हणून." त्याला दिव्याची भीक नको आहे. त्याला हे हवं आहे, की त्या दिवशी जे झालं ते झालं असं कुणीतरी सरकारी कागदावर मान्य करावं. ते मान्य झालं, तर तो दिवा लावेल. नाही झालं, तर पुढच्या पावसाळ्यात होडी भंगारात जाईल आणि मामा कुणाच्या तरी बांधावर खुरपं घेऊन उभा असेल.

म्हणून मी तुमच्याशी बोलते आहे, शहरातल्या लोकांशी. त्या रविवारी तुम्ही फुगवट्यावर मासा खायला गेला असाल, आणि मोबाईल वर धरून उभे राहिला असाल, तर आत्ता, हे वाचणं थांबवून, तुमचा मोबाईल उघडा. तो व्हिडिओ शोधा. तुमच्या साडूने काढला असेल तर साडूला फोन लावा. पुसला असेल तर पुसलेल्या फायलींच्या जागी बघा, गटात कुणाला पाठवला होता ते बघा. मिळाला की तो पुसू नका आणि कुणाला गंमत म्हणून पाठवू नका. तो घेऊन फुगवट्याच्या त्या ठाण्यात जा, आपलं नाव सांगा, आणि म्हणा: मी तिथे होतो, मी हे पाहिलं, माझा जबाब लिहून घ्या.